मालकाची बायको

पुणे, रविवार

चि. सईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, पेपरच्या डेस्कवर म्हणतात मी ओळखीनं लागले," आणि गप्प झालीस. मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला. खरं तर मला उत्तर सुचलं नव्हतं. आज एका बाईची गोष्ट सांगते.

काळ्या घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी तुझ्या जायच्यायायच्या वाटेवरच आहे. त्या डेव्हिड ससूनची नात रेचल 1858 साली मुंबईत जन्मली. घराणं बगदादी ज्यूंचं, पैसा कापसाचा आणि अफूचाही (हे लायब्ररीत कोणी सांगत नाही). तान्ही असतानाच ती लंडनला गेली. 1887 साली तिनं फ्रेडरिक बिअरशी लग्न केलं, त्याआधी ख्रिस्ती झाली, आणि माहेरच्यांनी तिला टाकलं. फ्रेडरिककडे बापाकडून आलेला 'ऑब्झर्व्हर' हा पेपर होता. 1891 पासून रेचल त्याची संपादक झाली. 1893 साली 'संडे टाइम्स' विकत घेतला आणि दोन्ही चालवू लागली. दोन्ही रविवारचेच, बरं का! मी पेपरात होते तेव्हा आमची एका रविवार पुरवणीची चार पानं सोडताना शनिवारी जेवणाचे डबे तसेच परत जायचे.

इंग्लंडात राष्ट्रीय वृत्तपत्राची संपादक झालेली ही पहिली बाई. मालकाची बायको म्हणून खुर्ची मिळाली, असं कोणी म्हटलं तर खोटं कसं म्हणणार?

पण 1898 चं ऐक. फ्रान्समध्ये ड्रेफस नावाच्या ज्यू कॅप्टनला जर्मनांना गुपितं विकल्याबद्दल डेव्हिल्स आयलंडवर डांबलं होतं. पुरावा काय, तर एक हातानं लिहिलेली यादी. अक्षर होतं एस्टरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याचं. मला हे प्रकरण सोडवत नाही ते त्या अक्षरापायी. आमच्याकडे बिननावाची कॉपी आली तरी 'ण'च्या वळणावरून मी बातमीदार ओळखायचे, आणि तिकडे नामांकित तज्ज्ञ ड्रेफसचंच अक्षर म्हणून शपथेवर सांगत होते! एस्टरहाझी लष्करी न्यायालयातून सुटलाही होता. मग पळून लंडनला आला, आणि 'ऑब्झर्व्हर'च्या माणसांजवळ कबूल झाला, की ती यादी मीच लिहिली. सप्टेंबरात रेचलनं ते छापलं. पुढच्या वर्षी ड्रेफसवर पुन्हा खटला चालला, पुन्हा दोषी ठरवलं, मग माफी दिली. निर्दोष म्हणायला 1906 उजाडलं.

ती बातमी नवऱ्याच्या पैशानं आणली असं काही म्हणता येत नाही.

शेवट मात्र वाईट झाला. 1901 साली फ्रेडरिक गेला आणि ती मनानं खचली, ती पुन्हा उभी राहिलीच नाही. पुढे दोन्ही पेपर विकले गेले. 1927 साली टनब्रिज वेल्सला वारली.

आता राहिलेलं. तुझ्या मुलाखतीच्या आधी मामानं तिथे एक फोन केला होता. तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. चुकलंच माझं. रागावणार असशील तर रागाव, पण शनिवारी सुट्टी मिळाली तर डेक्कन क्वीननं ये. डिंकाचे लाडू केलेत, पोस्टानं पाठवले तर भुगा होईल.

तुझी,
आई