पाचव्या लेनमधला हात

डिचोली,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिन्या,

शिव्या आधी घालून घे. पोरीच्या साखरपुड्याचे फोटो बघितले, अंगठा दाखवला आणि आठ महिने गप्प बसलो. तब्येत म्हणशील तर शुगर आहे तिथेच आहे, उंडे (आपले पाव) बंद, चपात्या चालू. आई बरी आहे. तुझी आठवण काढते आणि दर वेळी तुझं लग्न ठरलं का ते विचारते.

फोन दोनदा हातात घेतला होता. पण हे बोलून सांगता येणार नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या रविवारी बांबोळीला ज्युनियरची निवड होती. एकशेदहा हर्डल्स. आमचा सोहम पाच नंबरच्या लेनमध्ये, चारमध्ये काणकोणचा एक पोर. काडीसारखा, पण स्टार्ट असा की पहिल्या हर्डलला आमचा अर्धं पाऊल मागे. आमचा उजवा पाय पुढे टाकतो, तो डावा. पुढचं तुला सांगायला नको. एकाचा डावा हात आणि दुसऱ्याचा उजवा, दोन्ही एकाच फटीत. लेन १.२२ मीटरची, आणि हर्डलवरून उतरताना हात कोणाच्या बापाचं ऐकत नाही.

सातव्यावरून उतरताना सोहमचा हात त्याला लागला. मी समोरच कठड्याला होतो, मला स्वच्छ दिसलं. पोराची लय गेली, तिनाच्या जागी चार पावलं पडली, आठवा हर्डल त्याने मांडीवर घेतला आणि तळव्यांवर आपटला. सोहम पहिला आला.

पंचांनी पाहिलं नाही की पाहून सोडलं, देव जाणे. हरकत घ्यायला निकाल जाहीर झाल्यापासून अर्धा तास असतो. त्या पोराबरोबर प्रशिक्षक नव्हता, मामा होता. मामाला हा नियम ठाऊक नव्हता. मला होता.

सोहम स्पाइक्स न काढताच माझ्याकडे आला. म्हणाला, "पप्पा, माझा हात लागला त्याला. जाऊन सांगू?" आणि मी काय म्हणालो? "हर्डल्समध्ये हात लागतातच. पाणी पी."

पाणी पी! मग मी घड्याळ बघितलं. स्टँडमागे जाऊन चहा घेतला, परत घड्याळ बघितलं. एकतिसाव्या मिनिटाला मला भूक लागली.

वर शहाणपणा बघ, त्या मामा-भाच्याला गाडीत घेऊन पणजी स्टँडवर सोडलं. पोराच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या. मागच्या सीटवर सोहमच्या शेजारी बसला होता, आणि बांबोळी ते पणजी दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. मामा मात्र माझे आभार मानत होता. उतरताना नंबर दिला, कधी काणकोणला आलात तर घरी या म्हणाला.

त्या दिवसापासून सोहम ग्राउंडवर गेलेला नाही. स्पाइक्स पिशवीत तशीच. एरवी जेवताना त्याच्या मोबाइलवर २०२१ ची नैरोबीची वर्ल्ड ज्युनियरची फायनल चालू असते, तो फ्रान्सचा साशा झोया, १२.७२ सेकंद. मी दर वेळी म्हणायचो, अरे ९९.१ सेंटिमीटर उंचीच्या हर्डलवर काय कौतुक, आम्ही तुझ्या वयाचे असताना १०६.७ होते. पहिली वर्ल्ड ज्युनियर १९८६ ला अथेन्सला झाली, तिथे कॉलिन जॅक्सन पूर्ण साडेतीन फुटांवरून धावून जिंकला. ही तीन इंचांची सूट २००६ पासूनची. यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "पप्पा, तुम्ही जिंकलात किती ते सांगा." २०२३ च्या नॅशनल गेम्सना तुमच्या मराठवाड्याचा तेजस शिरसे याच बांबोळीच्या ट्रॅकवर धावला, तेव्हा हे पोर कठडा सोडायला तयार नव्हतं. पुढच्याच मे महिन्यात तेजसने फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तर यांनी मिठाई वाटली, माझ्या पैशांनी. आता जेवताना मोबाइल पालथा. आवाज नसलेलं घर मला बरं वाटत नाही.

घरातली म्हणते, वय आहे, दोन दिवसांत निवळेल. तिला सगळं सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

दिन्या, १९९३. म्हापशाची निवड. तू तीनमध्ये, मी चारमध्ये. चुन्याच्या रेषा, आणि सुताराने केलेले ते हर्डल, पाडायला म्हैस लागावी असे. (आता नियम आहे, वरच्या पट्टीवर ३.६ ते ४ किलोचा जोर पडला की हर्डल आडवा झालाच पाहिजे. तेव्हा आपण आडवे व्हायचो.) सहाव्याला तू पडलास. हनुवटीला चार टाके. सर म्हणाले चुन्यावर पाय घसरला, तूही तेच म्हणालास, मी तर सगळ्यात मोठ्याने म्हणालो. पाय घसरला नव्हता रे. माझा हात होता. तुझ्या कोपराच्या वर, सणसणीत. मला तेव्हाच कळलं होतं.

आणि ज्यासाठी हे केलं ती नॅशनल! हीटमध्येच सातवा आलो.

तीसेक वर्षं तू माझ्याशी भांडलास ते स्पाइक्सवरून, त्या वीस रुपयांवरून, शिगम्याच्या रात्री तुला एकट्याला साखळी गावात टाकून आलो त्यावरून. यावरून कधीच नाही. तुला माहीत नव्हतं असं मी धरून चाललो. पण २०११ ला, चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी, मी बाजारात गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घेत होतो आणि तुझा फोन आला. देगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची हर्डल्सची फायनल. क्यूबाचा रोब्लेस पहिला आला आणि चीनच्या लिऊ शियांगच्या हाताला हात लागला म्हणून बाद झाला, सोनं अमेरिकेच्या रिचर्डसनला. तू ओरडत होतास, "बघितलंस का? हात, सद्या, हात!" मी तुला सुपाऱ्यांच्या शिपट्याचा भाव सांगत बसलो. तू हसलास आणि फोन ठेवलास. त्या हसण्याचा अर्थ मी अजून लावतोय. स्पाइक्सचं म्हणशील तर ते माझेच होते, तो विषय वेगळा.

मला माफीबिफी मागता येत नाही, तुला ठाऊक आहे. फक्त एक सांग. हे सोहमला सांगू का? सांगितलं तर तो म्हणेल, म्हणजे तुम्ही दोनदा केलंत. बरोबरच म्हणेल. न सांगता त्याला ग्राउंडवर परत पाठवायला माझं तोंड होत नाही. त्याचं ज्युनियरचं हे शेवटचं वर्ष, पुढच्या वर्षी हर्डल साडेतीन फुटांचे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझी बदली थांबली की नाही? जावई पुण्याचा म्हणे, सांभाळून. लग्नाला आम्ही सगळे येतोय, बुकिंग झालंय. काजू आणतो, फेणीचं तिथे आल्यावर बघू.

लिहिता लिहिता सोहम उठून आला होता. त्या काणकोणच्या पोराचा नंबर आहे का विचारत होता. मामाचा आहे, माझ्या फोनमध्ये, त्याच दिवशी सेव्ह केलेला. शोधून देतो म्हटलं. दाराशी जरा वेळ उभा राहिला आणि झोपायला गेला. खोलीतला दिवा अजून चालू आहे.

तुझा,
सद्या