जुनी बाटली म्हणजे चांगली बाटली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भेटवस्तूंच्या याद्यांमध्ये रेड वाइनच्या वाट्याला बहुधा एकच ओळ येते: 'एखादी जुनी, उंची वाइन द्यावी.' वाचक ती ओळ डोक्यात ठेवून दुकानात जातो, लेबलांवरची वर्षे वाचतो आणि त्यातल्या त्यात मागचे वर्ष असलेली बाटली उचलतो. 'जुनं ते सोनं' ही म्हण इथे सपशेल तोंडघशी पाडते, म्हणून हा पत्रप्रपंच.

जगभर तयार होणाऱ्या रेड वाइनचा बराच मोठा भाग बाजारात आल्यापासून दोन-चार वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवलेला असतो. वर्षानुवर्षे टिकायचे तर वाइनमध्ये मुळातच भरपूर टॅनिन (तुरटपणा आणणारा घटक), चांगला आंबटपणा आणि फळाचा दाट अर्क हवा. तो नसेल तर आधी फळाचा स्वाद जातो, मग लालीवर तपकिरी झाक चढते आणि शेवटी नुसता आंबटपणा आणि मद्यार्क तेवढा उरतो. साधी बाटली आठ वर्षे फळीवर उभी राहिली म्हणून उंची होत नाही, शिळी होते.

याच्या उलट चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. इटलीतल्या बारोलो या रेड वाइनला नियमानेच किमान ३८ महिने मुरवावे लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. एवढे होऊनही बाजारात नुकती आलेली बारोलो बऱ्याचदा जिभेला आवळून धरते. फ्रान्सच्या बोर्दोमधल्या मेदोक भागातल्या १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीतल्या नामांकित वाइन्सचेही तसेच. त्यातल्या अनेकांना दहा-दहा वर्षे थांबण्याची गरज असते. ज्याच्या घरी बाटली ठेवायला थंड जागा नाही आणि जो ती येत्या शनिवारी उघडणार आहे, त्याला असली कोवळी बाटली देणे म्हणजे पैसे घालून त्याचे तोंड तुरट करणे. तेव्हा बाटली निवडताना पहिला प्रश्न 'किती जुनी?' हा नसून 'कधी उघडणार?' हा आहे. (त्याच्याही आधीचा प्रश्न, घेणारा मुळात वाइन पितो का, हा. तो चारचौघांत बाटली पुढे केल्यावर विचारायचा नसतो.)

घेणाऱ्याची आवड माहीत नसेल तर कमी तुरट, फळाचा स्वाद ठसठशीत असलेली वाइन घ्यावी. तुरटपणा येतो तो टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि काही अंशी ओकच्या पिंपातून. कोरा चहा जास्त वेळ उकळला की हिरड्या कोरड्या पडतात, तोच हा प्रकार. नवखा माणूस नाव ऐकलेले असते म्हणून कॅबर्ने सोव्हिन्यों उचलतो. तिच्या द्राक्षाची साल जाड, दाणा लहान, त्यामुळे टॅनिन भरपूर. त्यात मद्यार्क साडेचौदा टक्के असला की सवय नसलेल्याला ती नुसती झोंबते. त्यापेक्षा मर्लो, अर्जेंटिनातल्या मेंडोझाची माल्बेक, ग्रेनाश द्राक्षावर आधारलेली फ्रान्सची कोत द्यु रोन किंवा स्पेनच्या रिओहातली 'क्रियान्सा' (या शब्दाचा अर्थ पुढे येईल) यांत फसण्याची शक्यता पुष्कळ कमी. जेवण तिखट असण्याचा संभव असेल तर हे आणखी कटाक्षाने पाळावे, कारण टॅनिन आणि मद्यार्क दोन्ही तिखटाची आग वाढवतात.

जाणकाराला द्यायची असेल तर त्याच्या आवडत्या नावाच्या मागे लागू नये. तो ज्या बोर्दोवर तासभर बोलू शकतो, त्यातली नेमकी बाटली आपल्याला सापडणे कठीण. शेजारच्या वाटेने जावे: फ्रान्समधल्या बोजोलेच्या दहा 'क्रू', म्हणजे वरचा दर्जा मिळालेल्या, गावांपैकी मोर्गाँ किंवा फ्लरी, स्पेनच्या बिएर्सोतली मेन्सिया, ऑस्ट्रियाची ब्लाउफ्रेंकिश, ग्रीसच्या नाउसातली झिनोमाव्रो. मात्र 'बोजोले नूव्हो' वेगळी. ती दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. गेल्या हंगामातली नूव्हो सवलतीत दिसली तर ती का स्वस्त आहे हे निराळे सांगायला नको.

आता लेबल. त्यावरचे वर्ष द्राक्षतोडणीचे असते, बाटली भरल्याचे नव्हे. उत्तर गोलार्धात तोडणी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे एकाच वर्षाची चिलीची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा महिन्यांनी मोठी. हलकी, स्वस्त वाइन असेल तर चालू वर्षापासून दोन-तीन वर्षांच्या आतलीच घ्यावी.

'रिझर्व्ह' या शब्दाने पुष्कळांची दिशाभूल होते. स्पेनमध्ये त्याला कायद्याचा आधार आहे. रिओहाची रेड वाइन घेतली तर मागच्या लेबलावर नियामक मंडळाचा छोटा शिक्का असतो आणि त्यावर प्रकार छापलेला असतो. क्रियान्सा म्हणजे एकूण किमान दोन वर्षे, त्यातले एक ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे तीन वर्षे, त्यातले किमान एक पिंपात. ग्रान रेसेर्वा म्हणजे पाच वर्षे. त्यातली किमान दोन पिंपात आणि दोन बाटलीत. म्हणजे मुरवण्याचे काम वाइनरीनेच केलेले असते आणि बाटली आणली त्याच आठवड्यात उघडता येते. भेटीसाठी रिओहा आम्हाला सोयीची वाटते ती याच कारणाने. इटलीतल्या कियांती क्लासिकोच्या 'रिझेर्वा'लाही २४ महिन्यांची अट आहे. पण अमेरिकेसह अनेक देशांत नुसत्या 'रिझर्व्ह'ला कसलीच व्याख्या नाही; उत्पादकाला वाटले की तो छापतो. फ्रेंच लेबलावरचे 'ग्राँ व्हँ' आणि 'व्हिएय व्हिन्य', म्हणजे 'थोर वाइन' आणि 'जुन्या वेली', हेही त्यातलेच.

युरोपच्या जुन्या भागांत लेबलावर द्राक्षाचे नाव बहुधा नसतेच, गावाचे असते. तेवढे पाठ असले की काम भागते. लाल बर्गंडी म्हणजे पिनो न्वार, बारोलो म्हणजे नेब्बिओलो, कियांती म्हणजे मुख्यत्वे सांजोवेझे. बोर्दोत नदीच्या डाव्या काठावर कॅबर्नेचा वरचष्मा, तर उजव्या काठावरच्या सेंत-एमिलियाँ आणि पोमरोलमध्ये मर्लोचा.

बाटलीचे वजन आणि तळाचा खोल खळगा यांवर विसंबू नये. जाड काचेचा खर्च आपल्याच खिशातून जातो, वाइनला त्याचा काही उपयोग नाही. सोनेरी पदकाचा स्टिकर दिसला तर त्यावरचे वर्ष आणि नाव या बाटलीचेच आहे ना, एवढे तरी पाहावे.

लेबलापेक्षाही जास्त वेळ द्यावा तो बाटलीच्या प्रकृतीला, आणि नेमके तेच कोणी करत नाही. रेड वाइन १२ ते १४ अंशांत, अंधारात, आडवी ठेवलेली उत्तम. आडवी यासाठी, की बूच ओले राहते. सुकलेले बूच आक्रसते आणि हवा आत जाते. दुकानात दिव्याखाली किंवा काचेच्या दर्शनी कपाटात उभी असलेली बाटली टाळून त्याच वाइनची खोक्यातली मागावी. मग ती हातात घेऊन गळा नीट पाहावा. उष्णतेने वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. बुचावरचे आवरण टेंगळासारखे वर आलेले दिसले तर बाटली परत ठेवावी. आवरणाच्या कडेखाली चिकट, वाळलेला ओघळ असेल तर वाइन एकदा बाहेर आली आहे, म्हणजे थंड होताना हवा आतही गेली आहे. बाटली उजेडाकडे धरून वाइनची पातळी पाहावी: दोन-तीन वर्षांच्या बाटलीत ती गळ्यातच हवी, खांद्यापर्यंत उतरलेली नको. आवरण बोटांनी फिरत नाही यावरून मात्र निदान करू नये. ते कधी कधी मुळातच घट्ट बसवलेले असते.

स्क्रू कॅपची बाटली भेट द्यायला लोक कचरतात. बुचामुळे काही बाटल्यांत टीसीए नावाचे रसायन उतरते आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशी धरलेल्या तळघराचा वास येतो. तब्येतीला त्याचा अपाय नाही, पण सगळी मजा जाते. आणि भेट आलेली बाटली बिघडलेली निघाली हे देणाऱ्याला सहसा कोणी कळवत नाही. स्क्रू कॅपमध्ये हा धोका जवळपास नाही. शिवाय घेणाऱ्याकडे बूच काढायचे स्क्रू नसेल तर सुरीने बूच आत ढकलण्याचे प्रयोग वाचतात.

घेणारा कटाक्षाने शाकाहारी असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक, जिलेटिन, दुधातले केसीन किंवा माशाच्या पोटातली वायुपिशवी वापरण्याची जुनी रीत आहे. रेड वाइनसाठी विशेषतः अंडे. गाळताना ते निघून जाते, तरी अनेकांना चालत नाही. लेबलावर 'व्हीगन' अशी खूण असलेल्या बाटल्या मिळतात.

जन्मवर्षाची बाटली देण्याची हौस पुष्कळांना असते. चाळिशीच्या वाढदिवसाला चाळीस वर्षांपूर्वीची साधी रेड वाइन शोधून आणली, तर ती बहुधा केव्हाच संपलेली असते. त्याऐवजी पोर्तुगालच्या पोर्ट नावाच्या कडक वाइनमधली 'कोल्हेइता' शोधावी. ही एकाच वर्षाच्या द्राक्षांची, पिंपात किमान सात वर्षे मुरलेली टॉनी, म्हणजे मुरून तपकिरी झाक आलेली, पोर्ट. तिच्या लेबलावर बाटली भरल्याचे वर्षही असते. ती मिळाली नाही तर १०, २०, ३० किंवा ४० वर्षांची म्हणून विकली जाणारी टॉनी. मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास आणि चव गोड, त्यामुळे उघडल्यावरही फ्रिजमध्ये काही आठवडे टिकते.

मापाचेही भान असावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. आठ माणसांत ती फोडली तर प्रत्येकाला शंभर मिलिलिटरही मिळत नाही. अशा वेळी एका महागड्या बाटलीपेक्षा दोन मध्यम बाटल्या, किंवा दीड लिटरची 'मॅग्नम' द्यावी. मॅग्नम सावकाश मुरते, कारण बुचाची जागा जवळपास तेवढीच आणि वाइन दुप्पट असते.

विमानाने न्यायची तर बहुतेक विमानतळांवर द्रवपदार्थांवरच्या १०० मिलिलिटरच्या मर्यादेमुळे घरून आणलेली बाटली केबिनमध्ये चालत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध ठेवावी. बंद मोटारीत उन्हात एक दुपार राहिली तर चांगली बाटलीही वाया जाते.

बाटलीसोबत चार ओळींची चिठ्ठी असावी. 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला थंड घरांतला. भारदस्त रेड वाइन १६ ते १८ अंशांत खुलते, म्हणून खोली गरम असेल तर वीस-तीस मिनिटे फ्रिजमध्ये, आणि बोजोले किंवा पिनो न्वारसारखी हलकी असेल तर थोडी जास्तच. कोवळी, तुरट वाइन तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतावी. जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, हळू ओतावी आणि तळचा गाळ बाटलीतच राहू द्यावा. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. शेवटच्या ओळीत 'आजच उघडलीच पाहिजे असे नाही' एवढे लिहावे. यजमानाने जेवणाबरोबरची वाइन आधीच ठरवलेली असते आणि तुमची बाटली पाहून त्याची पंचाईत होते.

आपला,
एक नियमित वाचक