दुखणं कोणत्या खात्यात मोडतं, साहेब?

प्रति,
ज्यांच्या खात्यात ‘दुखणं’ हा विषय मोडतो ते मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र राज्य

विषय : खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या वेदनांबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्रावर नाव नाही, त्याबद्दल क्षमस्व. आम्ही खुब्याच्या पेशंटची घरी शुश्रूषा करतो. हिवाळी अधिवेशनात नागपुरात याच विषयावर आम्ही दिलेल्या निवेदनावर ‘महिनाभरात बैठक लावतो’ असा शब्द मिळाला होता. बैठक राहिली. गेल्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर तेवढं आलं : सदर विषय या विभागाशी संबंधित नसल्याने योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. योग्य तो विभाग कोणता, हे लिहिणारालाही ठाऊक नसावं.

आम्ही शोधून पाहिला. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे, जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्याकडे, औषधांचे परवाने अन्न व औषध प्रशासनाकडे आणि मॉर्फिन या अफूपासूनच्या कडक वेदनाशामकाचा कायदा थेट दिल्लीत, अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. खुबा एकाचा, गोळी दुसऱ्याची, कपाटाची किल्ली तिसऱ्याची. दुखणं तेवढं पेशंटचं.

पहिली रात्र कशी जाते ते ऐका. दुपारी कमरेत सुई देऊन ऑपरेशन होतं. पाय बधिर असतो, आजी हसून बोलतात, नातेवाईक निर्धास्त चहाला जातात. तीन-चार तासांत बधिरपणा उतरतो. केसपेपरवर दुखण्याचं इंजेक्शन रात्री आठला आणि सकाळी आठला. पहिल्याचा जोर मध्यरात्रीच ओसरतो. मग दोन वाजता ‘लय दुखून राह्यलं वं सिस्टर’, आणि त्यावर ‘सकाळी राउंडला सांगा’. दोष सिस्टरचा नाही. अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर, आणि कागदावर लिहिलेलं नसेल तर ती एक गोळी जास्त देऊ शकत नाही. आजी अजून कण्हल्या तर शेजारच्या खाटेवरून सल्ला येतो, बाळंतपणं झाली ना, मग हे काय!

यावर उपाय फार मोठा नाही. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत जांघेजवळच्या स्नायूवरच्या पडद्याखाली बुपिवाकेनसारखं बधिरीचं औषध सोडतात. फॅसिया इलियाका ब्लॉक म्हणतात त्याला. सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटं पुरतात आणि निदान पहिली रात्र तरी बरीचशी निभावते. हाड मोडून आलेल्या पेशंटला तर तो ऑपरेशनच्या आधी, दाखल होतानाच देता येतो. म्हणजे एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना किंकाळी उठत नाही. एक गोष्ट मात्र पाळावी लागते. ब्लॉक उतरला की दुखणं एकदम उसळतं, म्हणून गोळ्या तो उतरण्याआधीच सुरू हव्यात. नेमकं हेच राहून जातं, कारण ब्लॉक देणारा ऑपरेशन थिएटरात आणि गोळी लिहिणारा वॉर्डात.

आता डिस्चार्ज कार्ड. त्यावर पॅरासिटामॉलपुढे ‘एस.ओ.एस.’ अशी तीन अक्षरं असतात. डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ गरज पडल्यास. घरच्यांच्या भाषेत, अगदी जीव जायला लागला तर. म्हणून माणूस दात-ओठ खाऊन बसतो, दुखणं डोक्यात गेल्यावर गोळी घेतो, आणि मग ती गोळी लागूच पडत नाही. पहिले आठ-दहा दिवस ही गोळी घड्याळावर द्यायची असते : यकृत ठीक असलेल्या प्रौढाला दर सहा तासांनी १ ग्रॅमपर्यंत, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीही नाही, वजन ५० किलोच्या आत असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. त्यात दुसरी गफलत अशी, की अॅसिक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं, सर्दीच्या गोळीतही असतं. ते कोणी मोजत नाही.

डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक जोरदार आहेत, पण नागपूरच्या मे महिन्यात त्यांना जपूनच हात लावावा. पारा ४५ वर, म्हातारा माणूस लघवीला उठावं लागेल म्हणून पाणी टाळतो, वर बीपीची आणि लघवीची गोळी चालू. त्यात ही गोळी पडली की किडनी बसू शकते. सात-आठ गोळ्यांची पिशवी हातात देऊन ‘जेवणानंतर’ एवढंच सांगणाऱ्या खिडकीवर हे कोण सांगतं? ट्रॅमाडॉल हे अफूच्या जातीचं वेदनाशामक २०१८ पासून नार्कोटिक्स (अमली पदार्थ) कायद्याच्या यादीत आहे. चिठ्ठी जरा इकडची तिकडे झाली की दुकानदार नकाराची मान हलवतो. ते मिळालं तर मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठ सोबत येतात. म्हणून पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवणारं लॅक्ट्युलोज सुरू हवं. नुसतं इसबगोल नको. पाणी कमी पडलं तर तेच आत घट्ट बसतं. फिट येणाऱ्याला किंवा नैराश्याची गोळी चालू असणाऱ्याला ट्रॅमाडॉल द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आणि हे सगळं चालण्यासाठी आहे, झोपवून ठेवण्यासाठी नाही. व्यायामाच्या पाऊण तास आधी गोळी. मग वॉकर पुढे, त्यामागे ऑपरेशनचा पाय, त्यामागे चांगला पाय. व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, वीस मिनिटं. दुखतं म्हणून पडून राहिलं की पोटरीत रक्ताची गुठळी होते, छातीत कफ भरतो, माकडहाडावर जखम होते. सांधा मागच्या बाजूने उघडून बदलला असेल तर खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नसतो, आणि आपण त्या माणसाला ई-रिक्षाच्या बुटक्या सीटवर कोंबून सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवरून आदळत घरी नेतो. घरी भारतीय संडास! कमोडची खुर्ची आधी आणा, हे ऑपरेशनच्या तारखेसोबत सांगायला काय लागतं?

(एकाएकी असह्य कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला, एकच पोटरी सुजली, धाप लागली किंवा जखमेतून पू आला, तर गोळी देत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. हेही कार्डावर मराठीत छापता येईल.)

कडक औषधाचं म्हणाल तर कायदेशीर अफूची शेती शेजारच्या मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरकडे होते. सरकारी अल्कलॉइड कारखानाही नीमचला आहे. १९८५ च्या त्याच नार्कोटिक्स कायद्याने डॉक्टर इतके धास्तावले की मॉर्फिन जवळ ठेवणंच नको झालं. २०१४ मध्ये कायदा सुधारला. २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि ढीगभर परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरेशी झाली. दशक उलटलं. कुलूप तेच, भीती तीच. मॉर्फिन म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे शेवट, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. वॉर्डात श्वास मोजणारी सिस्टर आणि हाताशी मॉर्फिनचा उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन असेल तर हाड मोडलेल्याला मोजून दिलेली मात्रा चालते.

हे निवेदनात लिहिलं होतं. वाचलं असतं तर समजलं असतं. अधिवेशनाच्या दिवसांत इथले दुभाजक रंगतात, कुंड्या येतात. पाच लाखांच्या विम्याच्या होर्डिंगवर हसरे चेहरे येतात. त्याच आयुष्मान विम्याच्या नियमात डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांचा. टाके निघतात तेराव्या-चौदाव्या दिवशी. दुखणं सहा आठवडे, कुणाचं तीन महिने. सोळाव्या दिवशी दुखायचं नाही, असा जीआर निघाला असल्यास एक प्रत आम्हालाही द्यावी. सोळाव्या रात्री फोन आम्हाला येतो. ‘ताई, काय करू’ म्हणून पलीकडे मुलगा रडत असतो, आणि औषध वाढवण्याचा अधिकार आम्हाला नाही.

मागणी लहान आहे. ताप-नाडीच्या तक्त्यात दुखण्याचा एक रकाना, शून्य ते दहा, पडल्यापडल्याचा आणि हलवतानाचा. ३० खाटा, दिवसातून ४ वेळा, दर खेपेला अर्धं मिनिट : सगळा मिळून दिवसाचा एक तास. आकडा चारच्या वर गेला तर काय द्यायचं ते केसपेपरवर आधीच लिहिलेलं असावं. रात्रपाळीला ब्लॉक देता येणारा एक भूलतज्ज्ञ. आणि या सगळ्याला जबाबदार अशा एका माणसाचं नाव वॉर्डाच्या दारावर.

उत्तर पाठवाल तेव्हा त्यात ‘वर्ग’ हा शब्द नसावा, ही विनंती.

आपले,
खुब्याच्या पेशंटची घरी शुश्रूषा करणारे आम्ही काही जण,
नागपूर