बनावट चिपची शिक्षा खरेदीदाराला नको : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मी यावल तालुक्यातील केळीबागांमध्ये ठिबक संचांचे स्वयंचलित कंट्रोलर बसवतो आणि दुरुस्त करतो. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहील आणि खत कधी सुटेल, हे लॅपटॉपवरून कंट्रोलरमध्ये भरण्यासाठी यूएसबी-सिरियल केबल लागते. त्या केबलच्या डोक्यात एक लहानशी चिप असते. एका मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि मृगबागेचे घड भरत आलेले असताना माझी केबल एका सकाळी अचानक बंद पडली. रात्री लॅपटॉपने ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला चिपशी बोलता यावे म्हणून चिपच्या कंपनीने दिलेली आज्ञावली, आपोआप बदलून घेतला होता आणि नव्या ड्रायव्हरने चिप बनावट ठरवून तिला नाकारले होते. केबल मी जळगावच्या बाजारातून, अस्सल म्हणून, पक्क्या बिलावर घेतली होती. दुसरी केबल मिळेपर्यंतचे दोन दिवस शेतीपंपाची वीज रात्रपाळीला होती, त्यामुळे शेतकऱ्याने आणि त्याच्या मुलाने बॅटरीच्या उजेडात व्हॉल्व्ह हाताने फिरवले.

नक्कल करणाऱ्यांची बाजू मला घ्यायची नाही. ज्या कंपनीने चिप घडवली आणि तिचा ड्रायव्हर वर्षानुवर्षे सांभाळला, तिला नकलेसाठी फुकट राबायला लावणे अन्यायाचे आहे, आणि आपला ड्रायव्हर बनावट चिपवर चालू न देण्याचा तिचा हक्क मी मान्य करतो. पण नाकारणे वेगळे आणि निकामी करणे वेगळे. ऑक्टोबर 2014 मध्ये अशा केबलींच्या चिप बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून जगभर गेला आणि त्याने बनावट चिपच्या स्मृतीतील ओळख-क्रमांक शून्य केला. मग ते उपकरण दुसऱ्या संगणकालाही नेहमीसारखे ओळखता येईना. टीका झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला, परंतु 2016 मध्ये त्याच कंपनीच्या नव्या ड्रायव्हरने बनावट चिपकडून येणाऱ्या माहितीच्या जागी ‘नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड’ (अस्सल नसलेले उपकरण सापडले) ही अक्षरे घुसवली. चालू यंत्राच्या संदेशात परकी अक्षरे मिसळणे मला केबल बंद पडण्यापेक्षाही धोक्याचे वाटते, कारण बंद केबल निदान लगेच लक्षात येते.

या सगळ्यात नक्कल करणाऱ्याचे काहीच बिघडत नाही, कारण त्याचे पैसे केव्हाच वसूल झालेले असतात. काळ्या आवरणात बंद असलेली चिप अस्सल आहे की नाही, हे मला भिंगाखालीही खात्रीने सांगता येत नाही, तर ते शेतकऱ्याने कसे ओळखावे? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 91 मध्ये बनावट माल आयात करणाऱ्याला, साठवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, आणि बौद्धिक संपदेच्या 2007 च्या आयात नियमांनुसार कंपनीला आपला हक्क सीमाशुल्क विभागाकडे नोंदवून असा माल बंदरावरच अडवता येतो. चोर पकडण्याचा रस्ता तो आहे, बागेत उभ्या असलेल्या माणसाचा लॅपटॉप नव्हे.

म्हणून माझी मागणी अशी की, कोणत्याही कंपनीने अपडेटमधून ग्राहकाच्या उपकरणातील स्मृती किंवा माहिती बदलू नये, असा स्पष्ट नियम आपल्या मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाशी बोलून करावा. ड्रायव्हरला काम नाकारायचे असेल तर कारण पडद्यावर मराठीसह भारतीय भाषांत दिसावे आणि जुना ड्रायव्हर काही मुदतीपर्यंत परत बसवता यावा, म्हणजे हंगाम सांभाळून पर्याय शोधता येईल. विक्रेत्याने बिलावर चिपची कंपनी आणि क्रमांक लिहावा, आणि ती बनावट निघाल्यास पैसे परत करण्याची जबाबदारी त्याचीच असावी. माझ्याकडे बिल होते, पण त्यावर फक्त ‘केबल, नग 1’ एवढेच लिहिलेले होते, आणि दुकानदाराने तेवढ्याच आधारावर हात वर केले.

आपला विश्वासू,
एक कंट्रोलर दुरुस्ती कारागीर,
तालुका यावल, जिल्हा जळगाव