सूचना : समृद्धीवर निघण्याआधी टायर बघा

सभासदहो, मे महिन्याच्या सुट्टीत बरेच जण समृद्धी महामार्गाने गावी निघत आहात. उन्हाळ्यात टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्याने. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, आतून तापते आणि ताशी 120 च्या वेगात थर सुटू लागतात. म्हणून 'ऊन आहे, हवा दोन पॉइंट कमीच ठेवा' हा पंक्चरवाल्याचा सल्ला ऐकू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. हवा किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर बहुधा असतोच. गाडी माणसं-सामानाने भरली असेल तर पूर्ण लोडचा आकडा घ्या. टायरवरच्या नक्षीची खोली 1.6 मिमीपेक्षा कमी किंवा बाजूला फुगवटा दिसला, तर टायर बदलाच. आणि हो, स्टेपनी! तिची हवा कोणीच बघत नाही.