बाबा, हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा

मिरज,
रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. न.

आईचा मोतीबिंदू पिकलाय, तेव्हा बाबा, वाचायचं तुम्हालाच आहे. पाळीबद्दल आहे. मधेच खाकरून घडी घालू नका.

गेल्या महिन्यात काकूच्या सुनेच्या डोहाळजेवणाची गोष्ट निघाली, तर आई म्हणाली, "ओटी दुसरी कुणीतरी भरेल. मला सात वर्षं मूल नव्हतं." आजी जाऊन तीस वर्षं झाली, तिचं 'वांझोटी' मात्र अजून घरात फिरतंय.

आई, तुझं लग्न ७१ चं. ७२ ला दुष्काळ. दहिवडीच्या रस्त्यावर तू दिवसभर खडी फोडायचीस, खायला सुकडी नाहीतर लाल मिलो ज्वारीची भाकरी. चार-चार महिने पाळी यायची नाही, हे तूच सांगितलंस, चुलीतलं लाकूड सारत, माझ्याकडे न बघता.

अंगात भर कमी, पोटात कमी आणि राबणं जास्त झालं की मेंदू अंडाशयाला सबुरीनं घ्यायला लावतो. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. कितीतरी बायकांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी बाळंतपणं एकदम घटली. पोलंडच्या खेड्यातल्या बायका तर पोटभर जेवणाऱ्या. तरी सुगीच्या राबत्या दिवसांत त्यांच्या थुंकीत प्रोजेस्टेरॉन उतरलेलं सापडलं. गर्भ धरायला लागतं ते हार्मोन हे. बांगलादेशातल्या सिल्हेटहून लंडनला गेलेल्या बायकांत, लहानपणी गेलेल्यांचं प्रोजेस्टेरॉन मोठेपणी गेलेल्यांपेक्षा जास्त भरलं. म्हणजे लहानपणी खाल्लेलं-सोसलेलंसुद्धा पुढे निघतं. मी बाराव्या वर्षी शहाणी झाले, तू सोळाव्या. माझ्या वाट्याचं दूध कुणी घातलं, ते तुला ठाऊक आहे.

तुझं नेमकं हेच झालं, असं छातीठोक नाही सांगत. तपासलं कुणी होतं? (आणि बाबा, तुम्हाला तपासायचं तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.) पण ७७ ला विहिरीला पाणी लागलं, तुझं रस्त्यावरचं काम सुटलं, ७८ ला मी झाले. नवस शिंगणापूरच्या महादेवाला पावला की विहिरीला, ते तुम्ही दोघं ठरवा.

डोहाळजेवण पुढच्या रविवारी आहे. काकूला मी फोन केलाय, पहिली ओटी तू भरणार आहेस. शनिवारी दुपारच्या एसटीनं येते. हिरवं लुगडं वर काढून ठेव, कपाटात कसर लागते.

तुमची,
ताई