लंडनला जातोच आहेस, तर ‘क्लायटी’ बघून ये

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

ब्रिटिश म्युझियमला एकच दिवस दिला आहेस, तर रोमन दालनांत प्रत्येक चेहऱ्यापुढे थांबत बसू नकोस. टाउनली संग्रहातला ‘क्लायटी’ हा एकच अर्धपुतळा नीट बघ. सध्या मांडलेला आहे ना, हे आधी वेबसाइटवर बघून घे.

संगमरवरी तरुणी, मान जराशी खाली, खांद्यावरून घसरलेलं पातळ वस्त्र, आणि छातीखाली चहूबाजूंनी उमललेल्या पाकळ्या. चार्ल्स टाउनली या इंग्रज जमीनदार संग्राहकाने १७७२ च्या सुमारास नेपल्समध्ये लॉरेन्झानो घराण्याकडून ती विकत घेतली. नाव मात्र पुतळ्यावर कुठेही कोरलेलं नाही. आधी ती रोमन राजघराण्यातली अग्रिपिना ठरली, मग कमळातली इजिप्शियन देवी आयसिस, आणि शेवटी त्या पाकळ्यांमुळे क्लायटी, म्हणजे सूर्यावर जीव जडून फूल झालेली ग्रीक पुराणातली अप्सरा. ही सगळी बारशी संग्राहकांच्या घरची. आज बरेच अभ्यासक तिला अँटोनिया मायनर (सम्राट क्लॉडियसची आई) किंवा तिच्या काळातली कुणी रोमन स्त्री मानतात. काळ साधारण इ.स. ४० ते ५०.

आता बघायचं कसं. आधी डोळे. इ.स. १३० च्या आसपासपर्यंत रोमन शिल्पकार बुबुळं कोरत नसत, रंगाने काढत. रंग उडाला की डोळा गुळगुळीत उरतो. मग केस: मधोमध भांग, दोन्हीकडे लाटा. इथवर पहिलं शतक जुळतं. खरी गोची पुढे आहे. त्या काळातले अर्धपुतळे सहसा गळ्याच्या हाडाशी संपतात. खांदे आणि छातीसकट मोठा आकार नंतर आला. ही तर थेट स्तनांपर्यंत उतरते. म्हणून काहींनी तिला चक्क अठराव्या शतकातली ठरवलं. बहुतेकांना ती प्राचीनच वाटते आणि मलाही तसंच वाटतं. पण शंका पोरकट नाही. अठराव्या शतकात जुनी शिल्पं दुरुस्त करणारे रोममधले कारागीर तुटलेलं नाक सपाट कापून लोखंडी खिळ्याने नवं बसवत, वरून घासून चकचकीत करत. खिळा गंजून फुगला की दगडाला तडा जातो. आणि घासल्यामुळे जमिनीतले मुळांचे डाग, जुन्या छिन्नीच्या खुणा, म्हणजे वयाचा पुरावाच, निघून जातो. टाउनलीच्याच संग्रहातल्या थाळीफेक्याच्या पुतळ्याचं डोकं उलट्या दिशेला बसवलेलं आहे, तेही जाता जाता बघ.

टाउनली अविवाहित. क्लायटीला तो थट्टेने ‘माझी बायको’ म्हणे. तो कॅथलिक होता; १७८० मध्ये लंडनच्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत कॅथलिकांची घरं जळू लागली तेव्हा हिला गाडीत घालून निघाला, असं सांगतात. चित्रकार झोफनीने काढलेल्या टाउनलीच्या चित्रात ती त्याच्या टेबलावर आहे. १८०५ मध्ये तो वारला आणि संसदेने त्याची शिल्पं २०,००० पौंडांना म्युझियमसाठी घेतली. याच माणसाने घारापुरीहून आलेला एक शिल्पखंडही घेतला होता. तोही आता तिथेच.

लंडनच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात तुला क्लायटी हमखास भेटेल. कोपलंड या इंग्लिश चिनी मातीच्या कारखान्याने १८५५ पासून पॅरियनमध्ये, म्हणजे झिलई न दिलेल्या पांढऱ्या चिनी मातीत, तिच्या प्रती काढल्या. उचलून बघ: आतून पोकळ, दगडाच्या मानाने हलकी. मागच्या बाजूला शिक्का शोध, आणि पाकळ्यांच्या कडांवरून बोट फिरव; टवके आधी तिथेच उडतात. टवका असेल तर भाव निम्म्यावर आण. संगमरवरी म्हणून कुणी विकायला लागला तर घेऊ नकोस.

तुझा,
स.